कोळशाच्या गावाचे छायाचित्र

२१ डिसेंबर २०१८ या दिवशी जर्मनीतील बोट्रोप या गावी एक समारंभ झाला. प्रोस्पर-हानिएल नावाच्या खाणीतून कामगारांनी दगडी कोळशाचा एक तुकडा वर आणला आणि तो जर्मनीचे राष्ट्राध्यक्ष फ्रांक-वाल्टर स्टाइनमायर यांच्या हाती दिला. तो त्या देशातील दगडी कोळशाचा शेवटचा तुकडा होता. लिग्नाइट, म्हणजे तपकिरी कोळसा, खणणे पुढेही चालू राहिले. पण खोल विहिरी खणून दगडी कोळसा काढण्याचे पर्व त्या दिवशी संपले. प्रोस्परची पहिली विहीर १८५६ मध्ये खणायला घेतली होती. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षे हे गाव कोळशावर जगले.

खाण बंद झाली म्हणजे पुढे काय होते? यंत्रे सुटी करून भंगारात जातात. विहिरी काँक्रीट ओतून बुजवतात. मनोरे पाडतात. जुने कामगार निवृत्त होतात आणि दहा-वीस वर्षांनी 'इथे काय होते?' असे विचारले तर सांगणारा भेटत नाही. अशा वेळी उपयोगी पडते ते छायाचित्र. पण कसेही घेतलेले छायाचित्र नव्हे. पुढच्या माणसाला त्यावरून काही मोजता यावे, ताडून पाहता यावे, असे घेतलेले. ते कसे घ्यायचे, हे आपण बोट्रोपच्या उदाहरणावरून पाहू. त्यात थोडे भौतिकशास्त्र आहे, थोडी भूमिती आहे आणि बराचसा धीर आहे.

पेन्सिल मागे पडली

बोट्रोप हे गाव रूर नदीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या औद्योगिक पट्ट्यात आहे. या पट्ट्यातील खाणींची आणि कारखान्यांची सर्वांत प्रसिद्ध छायाचित्रे घेतली ती बेर्न्ड बेखर (१९३१–२००७) आणि हिला बेखर (१९३४–२०१५) या पतिपत्नींनी. बेर्न्ड मूळचे चित्रकार. त्यांच्या गावाकडची एक जुनी खाण पाडली जात होती. तिचे चित्र काढायला ते बसले, पण पाडणाऱ्यांचा वेग त्यांच्या पेन्सिलीपेक्षा जास्त होता. चित्र पुरे होण्याआधीच मनोरा नाहीसा होई. म्हणून त्यांनी कॅमेरा हाती घेतला.

१९५९ पासून दोघांनी मिळून काम सुरू केले आणि ते पुढे अनेक दशके चालवले. खाणींवरचे मनोरे, पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या, शीतन-मनोरे हे त्यांचे विषय. प्रत्येक वस्तू एकाच पद्धतीने टिपायची: कृष्णधवल फिल्म, ढगाळ आकाश, वस्तू चौकटीच्या मधोमध, चित्रात माणूस नाही, नाट्य नाही. मग एकाच प्रकारच्या वस्तूंची नऊ, बारा किंवा पंधरा छायाचित्रे शेजारी-शेजारी ओळीने लावायची.

यात विशेष ते काय, असे तुम्ही म्हणाल. जीवशास्त्राच्या तासाला तुम्ही वेगवेगळ्या झाडांची पाने एका तक्त्यावर चिकटवता, तेव्हा काय होते? पानांची कड, शिरा आणि देठ यांतला फरक एकदम डोळ्यांत भरतो, कारण बाकी सारे सारखे असते. बेखर यांनी हेच मनोऱ्यांच्या बाबतीत केले. प्रयोगात आपण एकच गोष्ट बदलतो आणि बाकीच्या स्थिर ठेवतो, तसेच हे झाले. १९७० मध्ये त्यांचे जे पुस्तक निघाले त्याचे नावच 'अनामिक शिल्पे' अशा अर्थाचे होते. १९९० मध्ये व्हेनिसच्या जागतिक कलाप्रदर्शनात त्यांना पारितोषिक मिळाले तेही शिल्पकलेसाठी!

या कामाचा व्यवहारातही उपयोग झाला. डॉर्टमुंड येथील त्सोलर्न खाणीचे सुंदर यंत्रगृह पाडण्याचे ठरले होते. ते वाचावे म्हणून ज्यांनी आवाज उठवला त्यांत बेखर पतिपत्नी होती. १९६९ मध्ये ते यंत्रगृह स्मारक म्हणून राखून ठेवण्यात आले. देवळे आणि किल्लेच तेवढे जपण्यासारखे असतात, ही समजूत तेथे ढासळू लागली.

मनोऱ्याचा तिरपा पाय

आता कॅमेरा घेऊन खाणीच्या मनोऱ्यापुढे उभे राहू. पण शटर दाबण्यापूर्वी मनोरा काय काम करतो ते समजून घेतले पाहिजे.

खाणीची विहीर शेकडो मीटर खोल असते. माणसे आणि कोळसा वर-खाली नेण्यासाठी तिच्यात पिंजरा असतो. तो पोलादी दोराला टांगलेला. दोर मनोऱ्याच्या माथ्यावरील मोठ्या चाकावरून, म्हणजे कप्पीवरून, वळतो आणि तिरपा खाली येऊन बाजूच्या यंत्रगृहातील पिंपावर गुंडाळला जातो. म्हणजे कप्पीला दोर दोन दिशांनी ओढतो: एकदा सरळ खाली विहिरीकडे आणि एकदा तिरपा यंत्रगृहाकडे. बलांच्या समांतरभुज चौकोनाचा नियम आठवा. या दोन ओढींचे मिळून होणारे बल दोन्ही दोरांच्या मधल्या दिशेने, यंत्रगृहाच्या बाजूला तिरपे खाली, जाते. म्हणून पोलादी मनोऱ्याला त्या बाजूला एक भक्कम तिरपा पाय दिलेला असतो. तो नसता तर जड पिंजरा उचलताना मनोरा यंत्रगृहाकडे कलंडला असता.

पोलादी मनोरे रूढ होण्यापूर्वी हेच काम विटांचे बुरूज करीत. बोट्रोपमध्ये प्रोस्परच्या दुसऱ्या विहिरीवर १८७० च्या दशकातला असा एक बुरूज अजून उभा आहे. त्याच्या जातीला 'मालाकॉफ मनोरा' म्हणतात. क्रिमियन युद्धात सेव्हास्टोपोलच्या वेढ्यात गाजलेल्या मालाकॉफ बुरुजावरून हे नाव पडले. वीट दाब चांगला सोसते, पण ताण सोसत नाही. बाजूच्या ओढीने भिंत वाकू नये म्हणून ती अतिशय जाड बांधावी लागे. किल्ल्याचा भास होतो तो यामुळे.

आता सांगा, छायाचित्र कुठून घ्यायचे? समोरून घेतले तर तिरपा पाय मनोऱ्याच्या मागे झाकला जाईल किंवा सरळच दिसेल. मनोरा आणि यंत्रगृह यांना जोडणाऱ्या रेषेशी काटकोनात, म्हणजे बाजूने, उभे राहिले तर दोर, कप्पी, तिरपा पाय आणि यंत्रगृह सारे एका चित्रात येते. त्या चित्रावर पट्टी ठेवून बलांची आकृतीसुद्धा काढता येईल. वस्तूचे काम समजले की उभे राहण्याची जागा आपोआप सापडते.

मनोरा मागे का पडतो?

उंच इमारतीचे छायाचित्र घेताना आपण कॅमेरा वर करतो. मग चित्रात इमारतीच्या उभ्या कडा वरच्या बाजूला जवळ येतात आणि इमारत मागे पडत असल्यासारखी दिसते. कारण सोपे आहे. कॅमेऱ्यातील फिल्म, किंवा आजच्या कॅमेऱ्यातील प्रकाशग्राही पट्टी, इमारतीला समांतर राहिली नाही. समांतर असती तर इमारतीच्या सर्व भागांची प्रतिमा एकाच प्रमाणात पडली असती. ती तिरपी झाल्यामुळे वरच्या भागाची प्रतिमा प्रमाणाने लहान पडते.

बेखर मोठ्या पेटीचा कॅमेरा वापरीत. त्यात फिल्म उभी ठेवून नुसते भिंग वर सरकवता येते. शिवाय शिडी लावून किंवा शेजारच्या उंच जागेवर चढून ते वस्तूच्या मध्याच्या पातळीवर जात. तुमच्याजवळ असा कॅमेरा नसेल, साधा मोबाइल फोन असेल, तरी चालेल. फोन अगदी उभा धरा, लांब जा आणि मनोऱ्याचे टोक चौकटीत आले की छायाचित्र घ्या. खालची जमीन जास्त येईल, ती नंतर कापून टाकता येते. पडद्यावर चौकटीच्या रेषा दिसण्याची सोय असते, ती चालू ठेवा.

फोन उभा धरण्याचा आणखी एक फायदा आहे. २ मीटर लांबीची काठी घ्या. तिच्यावर दर २० सेंटिमीटरला काळे-पांढरे पट्टे रंगवा. ती मनोऱ्याच्या पायाशी उभी करा. समजा, छापलेल्या चित्रात काठी ०.५ सेंटिमीटर आणि मनोरा ७.५ सेंटिमीटर भरला. मनोरा काठीच्या पंधरा पट, म्हणजे ३० मीटर उंच. समरूप त्रिकोणांचाच हा खेळ. काठी मनोऱ्यापेक्षा कॅमेऱ्याच्या जवळ असेल तर उत्तर चुकेल. का, ते आकृती काढून पाहा.

दगडांच्या टेकड्या

बोट्रोप सपाट प्रदेशात आहे, तरी तेथे टेकड्या दिसतात. त्या माणसाने केलेल्या आहेत. कोळशाबरोबर खाणीतून दगडही फार येतो. तो निवडून बाजूला टाकावा लागतो आणि त्याचे ढीग वर्षानुवर्षे वाढत जातात. सुरुवातीचे ढीग शंकूसारखे टोकदार असत. धान्याची रास ओतली की तिचा उतार एका ठरावीक कोनापलीकडे जात नाही, तसाच हा प्रकार. पुढे वरून सपाट असे ढीग रचले गेले आणि नंतरच्या काळात पायऱ्यापायऱ्यांच्या मंद उतारांच्या, झाडे लावलेल्या टेकड्या केल्या गेल्या.

उताराचा प्रश्न नुसत्या शोभेचा नाही. २१ ऑक्टोबर १९६६ रोजी वेल्समधील ॲबरव्हॅन या खाणगावात पाण्याने भिजलेला असाच एक ढीग घसरून शाळेवर आला. त्या दुर्घटनेत १४४ जण मरण पावले. त्यांत ११६ मुले होती. म्हणून जुन्या ढिगाचे छायाचित्र घेताना क्षितिज आडवे राहील याची काळजी घ्या. मग चित्रावर कोनमापक ठेवून उतार मोजता येतो. तोच ढीग दहा वर्षांनी त्याच जागेवरून टिपला तर त्यातला बदलही कळतो.

टेकडीवरची कला

आता खाणीच्या नंतरचे बोट्रोप पाहू. रूर पट्ट्याचे रूप पालटण्यासाठी १९८९ ते १९९९ या काळात एक मोठी योजना राबवण्यात आली. त्या योजनेत बेक रस्त्याजवळच्या दगडी टेकडीवर १९९५ मध्ये पोलादी नळ्यांचा एक प्रचंड चतुष्फलक उभा राहिला. वास्तुरचनाकार वोल्फगांग क्रिस्ट. चतुष्फलक म्हणजे चार समभुज त्रिकोणांनी बनलेला घनाकार. याची प्रत्येक कड ६० मीटर आहे. लहान चतुष्फलके कोपऱ्याशी कोपरा जोडून मोठा केलेला असल्याने तो मधून पोकळ आहे. पोलिश गणिती सिएर्पिन्स्की यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आकृतीसारखा तो दिसतो.

त्याची उंची तुम्हीच काढा. चतुष्फलकाची उंची म्हणजे कडेच्या सुमारे ०.८१६ पट. ६० ला ०.८१६ ने गुणले की जवळजवळ ४९ मीटर येतात. तो जमिनीवर टेकलेला नाही, ९ मीटर उंचीच्या काँक्रीटच्या खांबांवर उभा आहे. आत १८, ३२ आणि ३८ मीटर उंचीवर सज्जे आहेत आणि ते पोलादी दोरांनी टांगलेले आहेत. जिन्याने वर गेले की सारा परिसर दिसतो: उरलेल्या खाणींच्या जागा, कालवा, कामगारांच्या वसाहती आणि आता दाट झालेली झाडी.

दुसऱ्या एका टेकडीवर, हानिएलच्या ढिगावर, बास्क कलावंत आगुस्तीन इबारोला (१९३०–२०२३) यांनी २००२ मध्ये शंभराहून अधिक जुने रेल्वेचे लाकडी स्लीपर उभे करून रंगवले. त्याच टेकडीवर येशूच्या क्रूसयात्रेची १५ ठाणी आहेत आणि त्यांच्या मांडणीत खाणीतली अवजारे वापरलेली आहेत. गावातील एबेल भागात सांडपाणी शुद्ध करण्याचे बंद पडलेले केंद्र होते. २०१० मध्ये त्याचे उद्यान झाले. तेथे गोल टाकीत बाग फुलवली आणि पुढे सांडपाण्याच्या काँक्रीट नळांत पाहुण्यांना झोपण्यासाठी खोल्या केल्या!

या कलाकृतींचे छायाचित्र घेताना एक गोष्ट ध्यानात ठेवा. संग्रहालयातली मूर्ती दुसऱ्या शहरात नेली तरी मूर्तीच राहते. पण हा चतुष्फलक दुसरीकडे नेला तर त्याचा अर्थ हरवेल. तो खाणीतून निघालेल्या दगडावर उभा आहे, हेच त्याचे म्हणणे आहे. म्हणून प्रत्येक कलाकृतीची निदान तीन छायाचित्रे घ्यावीत. एक दुरून, गावासह. एक पूर्ण वस्तूचे, शेजारी माणूस उभा करून, म्हणजे आकारमान कळेल. एक अगदी जवळून: सांधा, गंज, रंगाचे पापुद्रे. कोणत्या वर्षी रंग किती उडाला हे पुढे दुरुस्ती करणाऱ्याला त्यावरूनच समजते.

ऊन कोणते, रंग कोणता?

ढगाळ दिवशी प्रकाश सर्व बाजूंनी येतो. सावल्या फिक्या राहतात, कोनाकोपरा दिसतो. इमारतीसाठी आणि रंगवलेल्या वस्तूंसाठी हा प्रकाश उत्तम. पण दगडावर कोरलेली अक्षरे वाचायची असतील तर उलट करावे. सकाळी किंवा संध्याकाळी ऊन बाजूने घासून जाते, तेव्हा प्रत्येक खाचेत सावली भरते आणि पुसट अक्षरेही उठून दिसतात.

स्थळाचाही परिणाम होतो. बोट्रोप सुमारे ५१.५ अंश उत्तर अक्षांशावर आहे. २१ डिसेंबरला भर दुपारी तेथे सूर्य क्षितिजापासून अवघा १५ अंश वर असतो आणि १० मीटर उंच भिंतीची सावली सुमारे ३७ मीटर पडते. आपल्या नागपुरात त्याच दिवशी दुपारी सूर्य ४५ अंशांवर असतो, म्हणजे सावली भिंतीएवढीच. बोट्रोपला हिवाळ्यात दिवसभर तिरपे ऊन मिळते, आपल्याला त्यासाठी पहाटे उठावे लागते.

रंगाबद्दल बोट्रोपच्याच एका सुपुत्राने जगाला पुष्कळ शिकवले. चित्रकार योसेफ आल्बर्स १८८८ मध्ये येथे जन्मले. त्यांचे वडील घरे रंगवण्याचा व्यवसाय करीत. आल्बर्स यांनी पुढे चौकोनात चौकोन रंगवून शेकडो चित्रे केली आणि १९६३ मध्ये रंगांच्या परस्परपरिणामावर ग्रंथ लिहिला. एकच करडा कागद काळ्या कागदावर ठेवला तर उजळ दिसतो, पांढऱ्यावर ठेवला तर मळकट. डोळा असा फसतो. कॅमेराही आपल्या परीने फसतो: उन्हात, सावलीत आणि दिव्याखाली एकाच विटेचा रंग तो वेगवेगळा नोंदतो. म्हणून एका चित्रात वस्तूशेजारी पांढरा आणि करडा पुठ्ठा ठेवावा. पुढे रंग ताडून पाहायला तो कामी येतो.

जुन्या छायाचित्राची जागा

सर्वांत मौजेचे काम आता सांगतो. एखादे पन्नास वर्षांपूर्वीचे छायाचित्र मिळाले. ते घेणारा नेमका कुठे उभा होता?

चित्रात एक जवळची आणि एक दूरची अशा दोन वस्तू शोधा, ज्या अजून जागेवर आहेत. समजा, घराचा कोपरा आणि त्याच्या मागे चर्चचे शिखर. चित्रात शिखर कोपऱ्याच्या अगदी वर दिसत असेल, तर तुम्हीही हलत हलत अशा जागी या की दोन्ही एका रेषेत येतील. आता तुम्ही योग्य रेषेवर आहात, पण रेषेवर कुठे? त्यासाठी दुसरी अशीच जोडी घ्या. दोन रेषा जिथे छेदतात तिथे छायाचित्रकार उभा होता. डावा-उजवा डोळा आळीपाळीने मिटून समोर धरलेले बोट सरकताना तुम्ही पाहिले असेल, तोच हा पराशय.

बोट्रोपसारख्या गावात अशा जोडचित्रांना मोल आहे, कारण कोळसा काढल्यावर वरची जमीन खचते. रूर पट्ट्यात काही ठिकाणी ती २० मीटरहून अधिक खचली आहे. जमीन खचल्याने भुयारी गटारे टिकत नव्हती. म्हणून तेथील एम्शर नदीच काँक्रीटचे उघडे गटार बनली. १९९० च्या दशकात सुरू झालेल्या कामानंतर २०२१ च्या अखेरीस ती सांडपाण्यापासून मुक्त झाली. मात्र खचलेल्या भागात पाणी साचू नये म्हणून आणि खाणीतले पाणी वर चढू नये म्हणून पंप चालूच ठेवावे लागतात, खाण बंद झाली तरी. एका छायाचित्रात यातले काही दिसत नाही. हिरवी टेकडी, निवळ नदी, सारे छान. जुने चित्र शेजारी ठेवले की गावाने काय दिले आणि काय सोसले ते कळते.

आता तुमचे गाव

चंद्रपूर, बल्लारपूर, वणी, उमरेड या भागांतील वाचकांच्या घराजवळच कोळशाच्या खाणी आहेत. इतरांच्या गावी बंद पडलेली गिरणी असेल, जिनिंगचा कारखाना असेल, जुने रेल्वे स्थानक असेल, चौकातले शिल्प असेल. शाळेतर्फे पाच-सहा जणांचा गट करा. शिक्षकांनी कामे वाटून द्यावीत: एकाने कॅमेरा, एकाने काठी, एकाने वही. चौथ्याने जुन्या माणसांना बोलते करावे.

वहीत प्रत्येक छायाचित्रासाठी तारीख, वेळ, उभे राहण्याची जागा, कॅमेऱ्याची दिशा, वस्तूचे नाव आणि माहिती सांगणाऱ्याचे काम लिहावे. 'कप्पीला तेल घालणारे गृहस्थ' ही नोंद 'एक म्हातारे गृहस्थ' यापेक्षा किती तरी अधिक सांगते. माणसांची छायाचित्रे त्यांना विचारूनच घ्या. खाणीच्या, रेल्वेच्या किंवा कारखान्याच्या हद्दीत परवानगीवाचून पाऊल टाकू नका. बंद विहिरी, खचलेली जमीन आणि मोडके जिने यांच्यापासून दूर राहा. लांबून घेतलेले चित्र सरळ येते, हे तर तुम्ही आता शिकलाच आहात.

छायाचित्रे दोन वेगळ्या ठिकाणी साठवा आणि निवडक पंधरा-वीस कागदावर छापून, मागे पेन्सिलीने नोंद लिहून, शाळेच्या ग्रंथालयात ठेवा. मग दर वर्षी एकाच तारखेला, त्याच जागेवरून पुन्हा घ्या. शेवटच्या वर्गातले विद्यार्थी शाळा सोडून जातील तेव्हा त्यांनी वही आणि काठी खालच्या वर्गाच्या हाती द्यावी. उभे राहण्याच्या जागा वहीत लिहिलेल्या असल्या म्हणजे नवीन मुलांना काहीच अडचण पडणार नाही.